‘आईचं कोण करतं?’

लग्नाच्या पंगतीत, जिन्यात, फोनवर हा प्रश्न हमखास येतो. “हल्ली आईचं कोण करतं?” उत्तरही ठरलेलं असतं. “आम्हीच करतो.” अर्धांगवायूच्या झटक्यानं आईची उजवी बाजू गेली, त्यानंतर तीन वर्षं मी हेच उत्तर देत होतो. एका दिवाळीत बहीण कोल्हापूरहून आली. तिनं शंभरपानी वही काढली आणि म्हणाली, “‘आम्ही’ म्हणजे कोण, ते लिहू या.” पहाटे साडेपाचला डायपर बदलणं, कूस बदलणं, चूळ भरायला देणं, साखर तपासणं, गोळ्या, पेज भरवणं असं करत रात्री दोनला उठून पाणी देण्यापर्यंत आलो तेव्हा एकवीस ओळी झाल्या होत्या. त्यातल्या सतरा माझ्या बायकोच्या नावावर. माझ्या वाट्याला चार: औषधं आणणं, बँक, डॉक्टरांची वेळ घेणं आणि ‘लक्ष ठेवणं’. ही शेवटची ओळ बहिणीनं काहीही न बोलता खोडली.

‘तिनं सासूचं केलं’, ‘म्हातारपणी आपलं कोण करणार’ असं आपण सहज बोलतो. आयुष्यातल्या सगळ्यात जड कामाला आपण भाषेतलं सगळ्यात लहान क्रियापद दिलं आहे. अंघोळ त्यातच, बँकेतली सही त्यातच, रात्रीचं जागरणही त्यातच. हे क्रियापद फोडून कागदावर मांडलं नाही, तर कष्ट एकाच्या अंगावर पडतात, निर्णय दुसरा घेतो, आणि कागदपत्रांची वेळ आली की दोघांपैकी कुणाकडेच अधिकार नसतो. घरातल्या मोठ्या माणसाचं करावं लागत असेल, मग ते वृद्ध आईवडील असोत, बौद्धिक अक्षमता असलेला तरुण मुलगा असो वा मानसिक आजार असलेली बहीण, तर पुढचे शब्द आणि त्यांच्या मागच्या जबाबदाऱ्या एकमेकांपासून वेगळ्या ओळखता यायला हव्यात.

आधी काम मोजा

‘त्यांचं सगळंच करावं लागतं’ असं सांगून डॉक्टरांना किंवा मदतनीस पुरवणाऱ्या ब्युरोला काहीच कळत नाही. अमेरिकन डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी १९६३ मध्ये रोजच्या जगण्यातल्या सहा क्रियांची यादी प्रसिद्ध केली. ती आजही जगभर वापरली जाते: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, जागेवरून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवणं. प्रत्येक क्रियेपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: स्वतः करतात, आधार लागतो, पूर्ण करावं लागतं. १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी घर चालवण्याशी जोडलेल्या कामांची दुसरी यादी मांडली. फोन करणं, खरेदी, स्वयंपाक, औषधं वेळेवर घेणं, पैशांचे व्यवहार, प्रवास ही कामं तीत येतात. स्मरणशक्ती उतरणीला लागली की पहिले तडे बहुधा या दुसऱ्या यादीत दिसतात. अंघोळ स्वतः करणारे आजोबा विजेचं बिल दोनदा भरतात.

यादीत न मावणारी तिसरी गोष्ट म्हणजे नजर. डिमेन्शिया असलेलं माणूस हिंडतंफिरतं असतं, त्यामुळे पाहुण्यांना त्याचं काहीच करावं लागत नाही असं वाटतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटात अल्झायमर झालेले संस्कृत पंडित हत्तीच्या मागे मागे चालत निघून जातात. अशा माणसाच्या खिशात नाव आणि फोन नंबर असलेलं कार्ड ठेवणं, दाराला वरच्या बाजूला कडी लावणं, शेजारच्या वाण्याला आणि रिक्षा स्टँडवर सांगून ठेवणं हीसुद्धा कामंच आहेत. वहीत त्यांनाही ओळ द्या.

शेवटी एक रकाना ते माणूस स्वतः काय करतं यासाठी ठेवा. आम्ही तो विसरलो होतो. खाटेवरून आईनंच अडखळत विचारलं, “माझं नाव कुठंय?” डाव्या हातानं ती मटार सोलायची, नॅपकिनच्या घड्या घालायची, देवासाठी फुलं निवडायची. जे जमतं ते आपण उरकून टाकलं की हात वेगानं निकामी होत जातो, आणि माणूस मनानंही अंथरूण धरतं.

शुभंकर कोण?

इंग्रजीतल्या केअरगिव्हरला सरकारी मराठीत ‘काळजीवाहक’ म्हणतात. पुण्यात स्किझोफ्रेनिया आणि पार्किन्सन्सच्या स्वमदत गटांमध्ये ‘शुभंकर’ आणि ‘शुभार्थी’ ही जोडी रुळली आहे. करणारा तो शुभंकर आणि ज्याचं करायचं तो शुभार्थी. मला हे शब्द आवडतात. ‘पेशंट’ म्हटलं की आजार आधी दिसतो, ‘शुभार्थी’ म्हटलं की माणूस.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ काळजीवाहकाची व्याख्या करतो. त्या व्यक्तीबरोबर राहणारा आणि तिच्या काळजीची जबाबदारी घेणारा तो काळजीवाहक, मग तो नातेवाईक असो वा दुसरा कुणी, विनामोबदला करत असो वा पगार घेऊन. थोडक्यात, कायदा नातं विचारत नाही, प्रत्यक्ष करतं कोण ते विचारतो. घरातही हीच कसोटी लावा.

प्रत्येक घराला एक प्रमुख शुभंकर लागतो. औषधांची यादी, डॉक्टरांचं बोलणं आणि तब्येतीतले बदल एकाच डोक्यात असले की गोंधळ होत नाही. पण प्रमुख म्हणजे एकटा नव्हे. त्याच्या हाताशी दुसरं माणूस तयार हवं. प्रमुखालाच ताप आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला कोण उठणार, हे आजच ठरलेलं असू द्या.

आता लांबच्या भावंडांविषयी. आमचा धाकटा भाऊ न्यू जर्सीला असतो. आधी तो दर रविवारी व्हिडिओ कॉलवर सूचना द्यायचा: “फिजिओ रोज का येत नाही?” “आईला प्रोटीन कमी पडतंय.” वही झाल्यावर त्यानं तीन ओळी मागून घेतल्या. विम्याचे कागद भरणं, औषधं ऑनलाइन मागवणं आणि भारतातल्या रात्री अकरानंतर आईला झोप लागत नसेल तर फोनवर तिच्याशी गप्पा मारणं. आपली मध्यरात्र ही त्याची दुपार. लांब असलेल्याला पैसे पाठवण्यापलीकडे काही करता येत नाही हा समज दोन्ही बाजूंना सोयीचा असतो, म्हणूनच तो टिकतो.

मावशी, मामा आणि ब्युरो

पगारी मदतनीस येतात ते ‘मावशी’ किंवा ‘मामा’ म्हणून. नातं जोडण्याची ही रीत चांगली आहे, पण त्या नावाखाली कामाच्या अटी बुडू नयेत. नर्स आणि आया यांत फरक आहे. इंजेक्शन देणं, कॅथेटर घालणं, नाकातली नळी बदलणं ही प्रशिक्षित परिचारिकेची कामं. आया किंवा वॉर्डबॉय स्वच्छता, भरवणं, कूस बदलणं, चालवणं हे करतात. पैसे वाचवायला मावशींच्या हाती सुई देऊ नका.

पहिल्या दिवशी पाच गोष्टी कागदावर ठरवा:

• पाळी बारा तासांची की चोवीस तासांची. चोवीस तासांची असेल तर झोप केव्हा आणि कुठे.
• आठवड्याची सुट्टी कोणती आणि त्या दिवशी बदली कोण पाठवणार, ब्युरो की आपण.
• कामं कोणती. शुभार्थीचे कपडे धुणं यात येतं, घरची भांडी येत नाहीत.
• महिन्याच्या रकमेतून ब्युरोचं कमिशन किती आणि मावशींच्या हाती किती.
• ओळखपत्राची प्रत आणि पोलीस पडताळणी.

त्यांचं जेवण, पाणी आणि बाथरूम यांत भेदभाव नको. अंधाऱ्या खोलीत रात्रभर आपल्या आईची लघवी काढणारी बाई आपल्या घरात परकी राहिली तर ती टिकणार नाही, आणि टिकली तरी तिचं मन कामात राहणार नाही. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी २००८ चा कल्याण मंडळ कायदा आहे. घरकामही करणाऱ्या मावशींची तिथं नोंदणी झाली आहे का, हे विचारा आणि फॉर्म भरायला मदत करा.

मदतनीस आला म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. तिच्यातली देखरेख उरते. रोज एकदा चादर बाजूला करून माकडहाड, टाचा आणि कमरेची हाडं स्वतः पाहा. लाल डाग बोटानं दाबूनही पांढरा पडत नसेल तर शय्याव्रण सुरू झालंय असं समजा आणि डॉक्टरांना कळवा. खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. एअर मॅट्रेस असली तरीही.

उचलण्याची रीतही घरातल्या प्रत्येकानं शिकायला हवी. आईला खाटेवरून खुर्चीत घेताना मी सुरुवातीला तिच्या उजव्या, लुळ्या हाताला धरून ओढायचो. फिजिओथेरपिस्टनं एका सकाळी ते पाहिलं आणि तो जवळजवळ ओरडलाच. लुळ्या बाजूचा खांदा सहज निखळतो. मग त्यानं शिकवलं. व्हीलचेअर धडधाकट बाजूला लावायची, ब्रेक लावायचे, फूटरेस्ट वर करायचे. आईला खाटेच्या कडेला बसवून दोन मिनिटं थांबायचं, चक्कर येत नाही ना पाहायचं. तिच्या कमरेला रुंद पट्टा बांधून तो धरायचा, आपले गुडघे वाकवायचे, आणि ‘एक, दोन, तीन’ म्हणून तिलाही जोर लावायला सांगायचं. ‘तीन’ आईच म्हणायची. त्या दिवसापासून माझी पाठ दुखायची थांबली.

निर्णय कोणाचा?

घरोघरी इथंच चूक होते. ज्याला आपण अंघोळ घालतो त्याचे निर्णयही आपणच घ्यायचे, असं नकळत ठरून जातं. इथं दोन शब्द कामाचे आहेत: क्षमता आणि संमती.

क्षमता म्हणजे समोरची माहिती समजणं, निर्णयाचा परिणाम ताडता येणं आणि आपलं म्हणणं कसंही, बोलून, खुणेनं, मान हलवून सांगता येणं. २०१७ चा कायदा मानसिक उपचारांच्या संदर्भात एक महत्त्वाची गोष्ट सांगतो. एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा किंवा अयोग्य वाटला, एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असं ठरत नाही. वडिलांना गुडघ्याचं ऑपरेशन नको असेल तर ते हट्टी असतील, पण अक्षम नाहीत. क्षमता सरसकट जातही नाही. बँकेचा व्यवहार न समजणाऱ्या आजींना आज कोणती साडी नेसायची आणि भाकरी हवी की भात हे नेमकं कळत असतं.

संमती ही त्याच माणसाची. शुद्धीत असलेल्या, समजणाऱ्या प्रौढ रुग्णाच्या ऑपरेशनच्या कागदावर सही त्याची लागते. ‘मुलानं सही केली’ हे तेव्हाच, जेव्हा रुग्णाला ती करता येत नाही. डॉक्टर तुमच्याशी बोलू लागले तर त्यांना नम्रपणे सांगा, “तिच्याशीच बोला, ऐकू येतं तिला.”

चार कागद, चार वेगळी माणसं

पुढचे शब्द रोज एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून बरीच फजिती होते.

मुखत्यारपत्र. बँक, घर, शेती यांचे व्यवहार आपल्या वतीनं करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा हा दस्त. त्यातली खोच मात्र बहुतेकांना माहीत नसते. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे अधिकार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचं मानसिक संतुलन गेलं की हा अधिकार संपतो. नेमकी जेव्हा गरज लागते तेव्हाच कागद निकामी होतो. काही देशांत अशा प्रसंगी टिकून राहणारं मुखत्यारपत्र करता येतं, आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून वडिलांचं डोकं चालू आहे तोवरच बँकेत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ पद्धतीचं संयुक्त खातं करून ठेवा. औषधपाण्यापुरती रक्कम त्यात असली तरी पुरते. समज शाबूत आहे, फक्त हात चालत नाही, अशा खातेदारासाठी रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत. अंगठा, तोही जमत नसेल तर कागदावर केलेली खूणही चालते, मात्र दोन साक्षीदार हवेत आणि त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. सत्तरीपुढच्या आणि आजारी ग्राहकांना घरपोच सेवा देण्याची सूचनाही बँकांना २०१७ पासून आहे. शाखेत कुणी नाही म्हणालं तर लेखी उत्तर मागा.

पालक. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडिलांचं कायदेशीर पालकत्व संपतं, मग त्याचं बौद्धिक वय काहीही असो. आमच्या गल्लीतल्या एका आईला हे कळलं ते मुलाचं बँक खातं प्रौढ म्हणून बदलायची वेळ आली तेव्हा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी पालक नेमून घेता येतो. यात जबाबदारी मोठी आहे. नेमणुकीपासून सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च. याच न्यासाची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना एक लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते आणि त्यात नियमित थेरपीचा खर्चही येतो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं ‘मर्यादित पालकत्व’ आणलं. ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि दिव्यांग व्यक्तीच्या इच्छेनुसार दोघांनी मिळून निर्णय घेणं. डिमेन्शिया किंवा कोमा यांसाठी मात्र सरळ वाट नाही, बहुधा न्यायालयात जावं लागतं. मुंबई उच्च न्यायालयानं २०२० मध्ये कोमात असलेल्या पतीसाठी पत्नीला पालक नेमलं होतं.

नामनिर्देशित प्रतिनिधी. मानसिक आजारावरच्या उपचारांत निर्णयाला साथ देणारं माणूस. कोणतीही प्रौढ व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून असा प्रतिनिधी नेमू शकते, आणि नंतर बदलूही शकते. उपचारांची माहिती मिळवणं, रुग्णालयातून घरी नेण्याच्या आखणीत भाग घेणं, हक्क डावलले गेले तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागणं ही त्याची कामं. त्यानं आपलं मत लादायचं नाही, शुभार्थीची इच्छा आणि हित सांभाळायचं. भांडण झालेल्या भावाऐवजी जवळच्या मैत्रिणीचं नाव घातलं तरी चालतं.

नॉमिनी. वरचे तिघेही माणूस हयात असतानाचे. नॉमिनी लागतो नंतर. ‘माझं नाव लावलंय म्हणजे पैसे माझे’ ही समजूत भाऊबंदकीची जननी आहे. बँकेतल्या ठेवी किंवा शेअर्स नॉमिनीच्या हाती येतात ते साधारणपणे वारसांसाठी विश्वस्त म्हणून. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. आयुर्विम्यात २०१५ नंतर आईवडील, पती-पत्नी आणि मुलांना लाभार्थी नॉमिनीचा वेगळा दर्जा आहे. कोणाला काय मिळावं हे ठरवतं ते मृत्युपत्र. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, नोंदणी ऐच्छिक असते.

याच पंगतीत आणखी एक कागद बसतो, तो म्हणजे जगण्याची आशा नसताना यंत्रांवर ठेवू नये असं सांगणारं इच्छापत्र, ज्याला लोक ‘लिव्हिंग विल’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही पुरते. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे द्या. आणि मुलांना ते वाचून दाखवा, कारण आयसीयूच्या दारात कपाटाची किल्ली शोधायला वेळ नसतो.

निर्वाह आणि बक्षीसपत्र

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायद्यात ‘निर्वाह’ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. ज्येष्ठ म्हणजे साठ वर्षांवरचे. आईवडिलांना मात्र वयाची अट नाही, आणि त्यांत सावत्र व दत्तक आईवडीलही येतात. जबाबदारी सज्ञान मुलगा, मुलगी, नातू, नात यांची. मूलबाळ नसलेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत ज्याला त्यांची मालमत्ता मिळणार आहे किंवा मिळाली आहे त्या नातेवाइकाची. या व्याख्येत सून आणि जावई नाहीत. ज्या घरात सगळं सुनेवर टाकलं जातं त्या घरानं हे वाक्य दोनदा वाचावं.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा, म्हणजे आपल्या बोलीत प्रांत कार्यालयात. आईवडिलांना स्वतः जाणं शक्य नसेल तर त्यांनी नेमलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. समोरच्याला नोटीस पोचल्यापासून नव्वद दिवसांत निकाल अपेक्षित असतो आणि दरमहा दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाह मंजूर होऊ शकतो. ज्येष्ठाला वाऱ्यावर सोडून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

आता बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती-पत्नी, मुलं, नातवंडं यांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये लागतं, इतर शुल्कं वेगळी. स्वस्त म्हणून लोक भराभर सह्या करतात. २००७ च्याच कायद्याच्या कलम २३ प्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता घेणाऱ्यानं सांभाळ केला नाही, तर देणाऱ्याला ते हस्तांतर रद्द करून मागता येतं. अट मात्र दिसली पाहिजे. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशी अट सिद्ध झाली नाही म्हणून एका आईची बाजू मान्य केली नाही. जानेवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईचं बक्षीसपत्र मात्र त्याच न्यायालयानं रद्द केलं. तिथं मुलानं सांभाळाची हमी लिहून दिली होती. म्हणून दस्तातच वाक्य घाला: हयातभर याच घरात राहण्याचा हक्क, आणि सांभाळ व औषधोपचाराची जबाबदारी घेणाऱ्याची. त्याहून बरं म्हणजे हयात असेपर्यंत घर आपल्या नावावर ठेवा आणि मृत्युपत्र करा. प्रेमळ मुलाला त्यानं काही फरक पडत नाही.

दुर्लक्ष आणि छळ हे शब्द आपल्याला बाहेरच्यांसाठी वाटतात. पण पेन्शनचं एटीएम कार्ड काढून घेणं, सारखी लघवी होते म्हणून पाणी कमी देणं, पाहुण्यांसमोर चूक काढणं, खोलीला बाहेरून कडी लावणं हे चांगल्या घरांतही होतं, आणि बरेचदा थकलेल्या माणसाकडून होतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा ‘एल्डरलाइन’ क्रमांक आहे. तो तक्रारीइतकाच सल्ल्यासाठीही वापरता येतो.

विसावा हाही कामाचाच भाग

‘रेस्पाइट’ या शब्दाला मी ‘विसावा’ म्हणतो. शुभंकराला कामातून ठरवून मिळालेली सुट्टी. ती मिळेल तेव्हा घ्यायची नसते, कॅलेंडरवर लिहायची असते. आठवड्यातून एक पूर्ण दुपार, महिन्यातून एक रात्र, वर्षातून चार-आठ दिवस. काही शुश्रूषा केंद्रं थोड्या दिवसांसाठी माणसाला ठेवून घेतात. आधी स्वतः जाऊन एक जेवणाची वेळ तिथं बसून पाहा.

वही झाल्यावरच्या महिन्यात माझी बायको चार दिवस माहेरी गेली. दुसऱ्या रात्री आईनं तीनदा उठवलं. तिसऱ्यांदा मी तिच्यावर खेकसलो आणि लगेच हात जोडले. परत आल्यावर बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “दुसऱ्याच रात्री?”

चिडचिड, झोप उडणं, आधी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा होणं, ‘आता सुटावेत एकदाचे’ असं मनात येऊन मग अपराधी वाटणं ही थकव्याची लक्षणं आहेत, वाईटपणाची नाहीत. १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर शुभंकरानंही फोन करावा. आपल्या शुभार्थीच्या आजाराचा गट गावात असेल तर एकदा जाऊन बसा. डायपरच्या कंपन्यांपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत जी माहिती डॉक्टरांकडे नसते ती तिथं मिळते.

येत्या रविवारी

घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा, लांबच्यांना फोनवर घ्या, आणि शुभार्थीला त्याच खोलीत बसवा. शेजारच्या खोलीत नको. वहीत पाच रकाने आखा: काम, कोण करतं, तो नसेल तेव्हा कोण, किती वाजता, आणि शुभार्थी स्वतः काय करतो. सोबत एक पाकीट तयार करा. त्यात औषधांची ताजी यादी, आधार, दिव्यांगत्वाचं स्वावलंबन कार्ड, विमा, डॉक्टरांचे नंबर आणि वरच्या कागदांच्या प्रती ठेवा. सत्तरीपुढच्यांसाठी पाच लाखांपर्यंतचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर आधार घेऊन काढा. पेन्शन असेल तर नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याची तारीख लिहा. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो. दर तीन महिन्यांनी वही पुन्हा उघडा, कारण शुभार्थीची तब्येत बदलते आणि करणाऱ्यांचीही.

आमच्या वहीचं आता चौथं पान चालू आहे. मंगळवार आणि शुक्रवारची रात्र माझी. परवा एका लग्नात मावसबहिणीनं नेहमीच्याच सुरात विचारलं, “मग, आईचं कोण करतं?” मी घड्याळ पाहिलं आणि विचारलं, “आत्ता? की रात्रीचं?”